सूर जुळे सोलापूर!

दहावी आली की क्लास सुटतो आणि सतार कपाटावर चढते. जुळे सोलापुरातल्या एका विकेंडला काही सतारी खाली उतरल्या, त्याची ही गोष्ट.

सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चादर, शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि रणरणतं ऊन. बरोबर? पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ऑफिसात एक तरी सोलापूरकर असतो. गड्ड्याच्या यात्रेला गावी जाऊन आला की तो चटणीचा डबा घेऊन येतो आणि लंच टाइमला आपण सगळे त्यावर तुटून पडतो. पण एखाद्या सोमवारी तो म्हणाला, ‘विकेंडला गावी सतारीच्या मास्टर क्लासला गेलो होतो,’ तर? आपण आधी त्याच्याकडे बघू आणि मग म्हणू, ‘सोलापुरात? काहीही!’

मीही तसंच म्हटलं होतं. मग बॅग भरली आणि पुण्याहून संध्याकाळी सहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली.

जुळ्यातलं धाकटं

‘जुळे सोलापूर’ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. हे सोलापूरचं जुळं भावंडं. गावाच्या दक्षिणेला, विजापूर रोड आणि होटगी रोड यांच्या मधल्या माळावर वाढलेली ही वस्ती. थोरलं सोलापूर म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, भुईकोट किल्ला, बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या आठवणी आणि पूर्व भागातल्या मागांची खडखड. धाकटं म्हणजे रुंद रस्ते, छोटे बंगले, अपार्टमेंट्स, क्लासेसचे बोर्ड, डी-मार्ट आणि संध्याकाळी आसरा चौकात होणारी गर्दी.

थोरल्या सोलापूरसारखंच इथंही तुम्हाला एका गल्लीत चार भाषा ऐकू येतात. समोरच्या काकू मराठीत भाजीचा भाव करतात, शेजारच्या आजी नातवाला कन्नडमध्ये हाक मारतात, वरच्या मजल्यावर तेलुगू आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये उर्दू. आणि सगळ्यांचं मिळून एकच वाक्य, ‘का बे, कधी आलास?’

हा प्रश्न इथं फार विचारला जातो. कारण आई-बाबा जुळे सोलापुरात आणि मुलगा हिंजवडीत किंवा मुलगी मगरपट्ट्यात, असा इथल्या कितीतरी घरांचा हिशोब आहे. बाबांनी कर्ज काढून बंगला बांधला, वर मुलांसाठी दोन खोल्या काढल्या. त्या खोल्यांमध्ये आता ट्रेडमिल आहे, जुनी पुस्तकं आहेत आणि कपाटावर कापडात गुंडाळलेलं एखादं वाद्य आहे. कुठं हार्मोनियम, कुठं तबल्याची जोडी आणि काही घरांत सतार.

त्या सतारीची कथा सगळीकडे थोडीफार सारखीच. तिसरी-चौथीत क्लास लागला. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सुरू झाल्या. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, मध्यमाचा फॉर्म भरला आणि तेवढ्यात दहावी आली. मग बारावी, सीईटी, कॅम्पस इंटरव्ह्यू, जॉब. पुण्याच्या पीजीमध्ये सतार ठेवायला जागा कुठून असणार? विशारद राहिलं ते राहिलंच.

हॉल, नऊ सतारी आणि पाण्याची मोटार

क्लास होता एका हाउसिंग सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. लोखंडी कपाट, भिंतीवर गणपती, जमिनीवर सतरंज्या आणि त्यावर अर्थातच सोलापुरी चादरी. शिकवायला आले होते विद्यापीठाच्या संगीत विभागात वर्षानुवर्षं सतार शिकवणारे एक सर. शिकणारे नऊ जण. एक बँकेत नोकरी करणारी तिशीतली ताई, पुण्याहून खास आलेला एक आयटीवाला, बारावीतली एक मुलगी, एक डेंटिस्ट, दोन शाळकरी भाऊ, असा सगळा मेळा. मी फक्त ऐकायला. मला सतारीतलं शून्य कळतं, हे सरांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘छान. मग तुम्ही कान उघडे ठेवाल.’

माझ्या डोक्यात मास्टर क्लास म्हणजे काहीतरी हाय-फाय होतं. स्टेज, स्पॉटलाइट, मोठ्ठा कलाकार, आपण टाळ्या वाजवायच्या. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास नुसतं वाद्य लावण्यात गेला. सतारीला वाजवायच्या सहा-सात तारा असतात आणि त्यांच्या खाली तरफेच्या अकरा ते तेरा. गुणिले नऊ करा! दीडशेहून जास्त खुंट्या पिळायच्या. त्यात जानेवारीतली कोरडी थंडी. एक तार लागली की दुसरी उतरलीच म्हणून समजा.

सगळं लागतंय न लागतंय तोच सोसायटीत आरडाओरडा झाला, ‘पाणी आलं, पाणी आलं!’ सोलापूरकरांना पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. रोज नळ सोडणाऱ्या शहरातल्यांना ते कळायचं नाही. दोन जण सतार खाली ठेवून मोटार चालू करायला पळाले. मोटारीची घरघर भिंतीतून हॉलमध्ये यायला लागली. सर शांतपणे म्हणाले, ‘असू दे. तिचाही एक स्वर आहे. पण आपला षड्ज तो नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा.’ सगळे हसले आणि टेन्शन उतरलं.

सगळ्यांसमोर चुकायचं

मास्टर क्लास ही कल्पना तशी युरोपातली. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या वायमार गावी पियानोवादक फ्रान्झ लिस्ट आपल्या शिष्यांना एकत्र बसवायचा. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि चुका सगळ्यांसमोर दुरुस्त व्हायच्या. पुढे ही पद्धत विद्यापीठांनी उचलली. चेलोवादक पाब्लो कासाल्स यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर घेतलेले क्लास तर फिल्मवर टिपून ठेवले गेले. आपल्याकडे गुरूसमोर चार शिष्य बसवून तालीम देणं काही नवीन नाही. फरक इतकाच, की तिथं गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहायचं आणि इथं सोमवारी सकाळी लॉगिन करायचं असतं.

पहिली पाळी बँकेतल्या ताईंची. त्यांनी यमनची मसीतखानी गत वाजवली. विलंबित तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठणारी ही गत सतार शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतेच. मला ऐकायला मस्त वाटली. सरांनी मात्र दुसऱ्याच आवर्तनात हात वर केला. ‘अंगठा बघा.’ आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. उजव्या हाताचा अंगठा दांडीवर एका जागी टेकलेला हवा. ताईंचा तो जोरकस आघात करताना सुटत होता. अंगठा सुटला की मिझराब लावलेलं बोट दरवेळी वेगळ्या जागी पडतं आणि एक ‘दा’ मोठा, एक बारीक असा निघतो.

मग पुढची दहा मिनिटं फक्त ‘दा’ आणि ‘रा’. बोट आत आलं की दा, बाहेर गेलं की रा. बाकीच्यांनी हातावर ताल धरायचा. दहा मिनिटं एकच तार! मला वाटलं ताई वैतागणार. सहाव्या-सातव्या मिनिटाला आवाज एकसारखा व्हायला लागला, तेव्हा हॉलमध्ये कुणीच बोलत नव्हतं. आणि मजा म्हणजे बाकीचे आठ जण आपापला अंगठा हळूच तपासत होते. चूक एकीची निघाली, दुरुस्ती नऊ जणांची झाली.

बारावीतल्या मुलीची गोष्ट वेगळी. हात तिचा तयार होता, पण मींड उतरत नव्हती. मींड म्हणजे पडद्यावर तार दाबून बाजूला खेचायची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर तुटू न देता जायचं. तयार हात एकाच पडद्यावर असे चार-पाच स्वर काढतो. ही मुलगी ऋषभाच्या पडद्यावरून गंधार खेचत होती आणि प्रत्येक वेळी केसभर कमी पडत होती. सर म्हणाले, ‘सतार खाली ठेव. गा.’ ती लाजली. ‘सर, मला गाता येत नाही.’ ‘मैफल नाही करायची. नुसता ग म्हण.’ तिनं म्हटला. परत म्हटला. मग सतार उचलून तार खेचली आणि या वेळी बोट बरोबर गंधारावर जाऊन थांबलं.

सरांनी सगळ्यांना समजावलं, ‘पडद्यावर बोट ठेवलं की स्वर आयता मिळतो. खेचून काढायचा स्वर आधी कानात लागतो.’

भीमेकाठचा भोपळा

तिसरी पाळी आयटीवाल्याची. त्याच्याकडे आत्याची जुनी सतार होती. आत्या आता नाही. घरी चर्चा चालली होती, ही कुणाला तरी देऊन टाकू, उगाच धूळ खाते. याला वाटत होतं नवी घ्यावी, ऑनलाइन ऑर्डर करावी. त्यानं दोन-चार सूर छेडले. आवाज बसका. माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळलं, की शेजारच्या सतारीसारखी ही झणकारत नाही.

सरांनी ती मांडीवर घेतली, घोडीजवळ डोळा नेला आणि विचारलं, ‘शेवटची जवारी कधी काढली होती?’ मुलगा गप्प. जवारी म्हणजे घोडीचा, ज्यावरून तारा जातात त्या पट्टीचा, पृष्ठभाग अगदी सूक्ष्म उतार देऊन घासणं. तार त्या उतारावर हलकेच टेकत राहते म्हणून सतारीचा आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. वर्षानुवर्षं वाजवून तारांच्या खाचा पडल्या की आवाज बसतो. ‘सतार उत्तम आहे. मिरजेला घेऊन जा. नवीन घ्यायची काही गरज नाही.’

मग त्यांनी सतारीच्या मागच्या गोल भोपळ्यावर टकटक केली आणि म्हणाले, ‘हा कुठला, माहितीये?’

कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. हे भोपळे येतात याच सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूरच्या आसपास भीमेकाठच्या शेतांतून! भाजीचा भोपळा नव्हे हा. चवीला कडू, सालीला जाड आणि आकाराला भलामोठा. तो वाळवायचा, पाण्यात भिजवून मऊ करायचा, आतला गर-बिया काढायच्या आणि मग कारागीर त्याला वाद्याच्या मापात आणतो. मिरजेचे सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या हे भोपळे इथून नेत आले आहेत.

मिरजेची गोष्टही भन्नाट आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची कामं करणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करायला लागले आणि मग बनवायलाच लागले. तलवारींची गरज संपत आली होती, गाणं-बजावणं वाढत होतं. आजही मिरजेत सतारमेकर गल्लीत त्यांच्या वंशजांची दुकानं आहेत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले होते, तिथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. सोलापुरी चादरीला ते त्याआधीच मिळालेलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी मोडता मोडता आयटीवाला मला म्हणाला, ‘विचार करा मॅडम. भोपळा आमच्या जिल्ह्यातला. सतार झाली मिरजेत. शिकायचं तर पुण्याला. म्हणजे आमच्यासारखंच की. इथं उगवायचं आणि बाहेर जायचं.’

हसत हसत म्हणाला, पण नंतर बराच वेळ चटणी नुसतीच कालवत बसला.

वकिलीसोबत सतार

संगीत ‘कॉलेजात’ शिकवायचं, ही गोष्ट आपल्याला आज साधी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ती क्रांती होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं १८८६ मध्ये मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं.

पण तुमच्या-माझ्यासाठी खरा हीरो म्हणजे विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६). मुंबईत वाढलेला हा मुलगा कॉलेजच्या वयात सतार शिकला. बीए झाला, कायद्याची पदवी घेतली, वकिली केली आणि सोबत संगीत चालूच ठेवलं. पुढे वकिली सोडून देशभर फिरून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, थाटांची पद्धत मांडली, १९१६ मध्ये बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद घडवून आणली आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं केलं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. ‘नोकरी सांभाळून जमत नाही हो,’ असं म्हणणाऱ्यांनी हा बायोडेटा डेस्कवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

महाराष्ट्रात पुढे विद्यापीठांनीही दारं उघडली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची घडी डॉ. अशोक दा. रानडे यांनी बसवली. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये ललित कला केंद्र सुरू झालं. त्याच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे, म्हणजे पदवी विद्यापीठाची आणि तालीम गुरूसमोर बसून. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही संगीत विभाग आहे. सोलापूर जिल्ह्याला २००४ मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं, २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं.

पण पदवीला प्रवेश घेणं वेगळं आणि नोकरी करणाऱ्या माणसाला त्याच्या गावात, त्याच्या सुट्टीच्या दिवशी कुणीतरी नीट ऐकणं वेगळं. जुळे सोलापुरातल्या त्या हॉलमध्ये सतारींची कमी नव्हती, हौसेची तर नव्हतीच. कमी होती ती तयार कानाची. बँकेतल्या ताई यूट्यूब बघून चार वर्षं वाजवत होत्या. त्या व्हिडिओतले कलाकार जगात भारी, पण त्यांच्यापैकी एकालाही ताईंचा सुटलेला अंगठा दिसत नव्हता.

दोन दिवसांत काय होतं?

खरं सांगू? मला शंका होती. दोन दिवसांत काय शिकणार? फोटो काढायचे, सर्टिफिकेट घ्यायचं, फेसबुकवर टाकायचं. रविवारी दुपारी मी सरांना तसं थेट विचारलं. ते म्हणाले, ‘दोन दिवसांत सतार येत नाही. आपलं कुठं अडलंय ते कळतं. पुढचे सहा महिने रोज अर्धा तास काय करायचं, हे प्रत्येकाला लिहून दिलंय. जो करेल त्याचा क्लास झाला, बाकीच्यांची पिकनिक झाली.’

त्यांनी खरंच लिहून दिलं होतं. ताईंच्या वहीत फक्त दोन ओळी, पहिली अंगठ्याची आणि दुसरी मेट्रोनोमची. बारावीतल्या मुलीला रोज दहा मिनिटं सरगम गायची आणि बोर्डाची परीक्षा होईपर्यंत दुसरं काहीही करायचं नाही. तिच्या आईनं ते वाचलं आणि काही न बोलता वही पर्समध्ये ठेवली. मध्यमाचा फॉर्म या वर्षी भरायचा की नाही, यावर घरी वाद चालू होता म्हणे. सरांनी निकाल दिला नाही. पण सतार दहा मिनिटांवर तरी चालू राहिली, कपाटावर गेली नाही. मला वाटतं, त्या दोन दिवसांतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती.

आणि आयटीवाला? त्याच्या कागदावर सरांनी एकच शब्द लिहिला होता, ‘मिरज’. तो निघताना घरून फोन आला. बाबा विचारत होते, ‘काय म्हणाले सर? देऊन टाकायची का सतार?’ हा म्हणाला, ‘नाही बाबा. दुरुस्त करायची. पुढच्या शनिवारी मिरजेला जाऊ, तुम्ही पण चला.’ पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण बाबा तयार झाले असावेत, कारण नंतर पाच मिनिटं गाडी कुठली घ्यायची यावर चर्चा चालली होती.

सतार पुण्याला नेणार की जुळे सोलापुरातच ठेवणार, हे विचारलं तर म्हणाला, ‘अजून ठरलं नाही. इथं ठेवली तर दर पंधरा दिवसांनी यावं लागेल.’ मग थोडं थांबून, ‘आईला तेच बरं वाटेल की.’

तुम्हालाही जायचंय?

कसं जाल : पुण्याहून सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेस आणि २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत सोयीची. मुंबईकरांसाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच. स्टेशनवरून जुळे सोलापूरला रिक्षा मिळते.

कधी जाल : जानेवारी बेस्ट. थंडी असते, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते आणि गड्ड्यावर भटकता येतं. एप्रिल-मेमध्ये तुम्ही टिकाल, सतारीची लाकडं कुरकुरतील.

वाट वाकडी करून : सोलापूरहून पंढरपूर सत्तरेक किलोमीटर. विठोबाचं दर्शन घ्याच, पण भीमेकाठच्या शेतांकडेही नजर टाका. मिरजेला जाणार असाल तर सतारमेकर गल्लीत निदान तासभर तरी काढा. जवारी काढताना कारागीर घासतो कमी आणि ऐकतो जास्त, ते बघण्यासारखं असतं.

क्लास लावण्याआधी विचारा : एका गटात किती जण? प्रत्येकाला वाजवायची पाळी मिळणार का? वाद्य आपलं आणायचं की तिथं मिळेल? आणि मुख्य म्हणजे, क्लास संपल्यावर घरी काय करायचं ते सर सांगणार का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेल तर सरळ सिनेमाला जा.

आणि हो, कपाटावर काही गुंडाळून ठेवलेलं असेल, तर आज ऑफिसातून घरी गेल्यावर एकदा उघडून बघा. तारा गंजल्या असतील, खुंट्या घट्ट बसल्या असतील. सध्या नुसती धूळ पुसा आणि आईला फोन करून विचारा, हे कुणी घेतलं होतं, कुठून आणलं होतं. पुढचं मिरजेचे कारागीर बघून घेतील.